दादा रोलर कोस्टर तपासतात

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, साखर कारखान्यात फिटर होते. गव्हाणीत उसाच्या मोळ्या पडतात आणि तिथून एक लांबलचक साखळी त्यांना मिलपर्यंत वर ओढत नेते. त्या साखळीच्या देखभालीत दादांची सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. पण दिसेल ती लोखंडी वस्तू हलवून बघायची सवय काही निवृत्त झाली नाही.

दवाखान्यात गेले की आधी बाकाचे नट बघतात, मग बसतात. एस.टी.त चढताना दांडा हलवतात. माझ्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना भटजींनी दोनदा विचारलं, "मुलीचे वडील कुठे आहेत?" मुलीचे वडील मांडवाच्या मागच्या खांबाला खांदा लावून तो किती हलतो ते पाहत होते. मी आठ वर्षांची असताना कोपरगावात जत्रेत आकाशपाळणा आला होता. मी आणि धाकटी बहीण नवे झगे घालून रांगेत उभ्या होतो. आमचा नंबर आला तेव्हा दादांनी पाळण्याखाली वाकून बघितलं आणि मालकाला म्हणाले, "ही खीळ झिजलीय." मालक म्हणाला, "मग नका बसू." आम्ही बसलो नाही. आमच्या मागची सगळी पोरं बसली, फिरली, खाली उतरली आणि घरी गेली. कोणाला काही झालं नाही.

यामागे काहीतरी कारण असणार असं मला फार वर्षं वाटायचं. कारखान्यात एखादा अपघात त्यांनी डोळ्यांनी पाहिला असेल, एखादा जिवाभावाचा माणूस गेला असेल. शेवटी मी आईला विचारलं. आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "काय कारन न्हाई. लगीन झालं तवापासून असंच हाय."

तर गेल्या जानेवारीत मी सोनईहून मुलीला घेऊन दोन दिवस माहेरी कोपरगावला गेले होते. मुलगी तेरा वर्षांची. शिर्डीपासून थोडं आत, उसाच्या शेतांना लागून एक मनोरंजन पार्क आहे. त्याचं नाव मी सांगत नाही, कारण त्यांची काही चूक नव्हती आणि आम्ही त्यांना पुरेसा त्रास दिला आहे. तिथे एक रोलर कोस्टर आहे. परदेशातल्या कुठल्यातरी पार्कातून काढून, सुटा करून, बोटीने आणून इथे पुन्हा उभा केलेला. जुन्या पद्धतीचा, पोलादी, आधी उंच चढ, मग खोल उतार आणि मग एक पूर्ण उभा गोल. त्या गोलात गाडी उलटी होते, माणसांची डोकी खाली आणि पाय वर. रस्त्यावरून जाताना उसाच्या तुऱ्यांवर तो गोल दिसतो. माझी मुलगी दोन वर्षं त्याच्याकडे नुसतीच बघत होती, कारण तिथे उंचीची अट आहे. त्या जानेवारीत ती उंचीच्या रेघेच्या वर गेली होती.

मी तिला एकटीला बसवून खाली बाकावर शांतपणे चहा पिणार होते. माझा बेत एवढाच होता. मला उंचीची भीती वाटते. मी शाळेत शिकवते, आणि फळ्याच्या वरचं घड्याळ लावायलासुद्धा शिपायाला बोलावते.

निघताना आई गाडीजवळ आली आणि खिडकीतून हळूच म्हणाली, "ह्यास्नी पन घेऊन जा. कालपास्नं गॅसच्या शेगडीचा पाय खोलून बसलेत. सैपाक कशावर करू?"

मी म्हटलं, "आई, तिथे सगळं लोखंडच आहे गं."

"म्हनूनच म्हनते. तिकडं रमतील."

दादा मागच्या सीटवर बसले. बसायच्या आधी दार तीनदा उघडून बंद केलं.

रस्त्यात उसाचे ट्रॅक्टर होते, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या, आणि आमच्या रस्त्यांना नेहमी असतात तेवढे खड्डे. प्रत्येक खड्ड्याला दादा मागून सांगत होते की गाडीचा पुढचा डावा शॉकअप गेला आहे. पार्काच्या गेटवर सुरक्षेच्या बाईंनी त्यांचे खिसे रिकामे करायला लावले. पायजम्याच्या दोन खिशांतून एक छोटा पाना, एक टेस्टर, एक मोजपट्टी आणि सुतळीचा गुंडा निघाला.

"आजोबा, हे आत नेता येणार नाही," बाई म्हणाल्या.

"का बरं?"

"नियम आहे."

"आन आत काय ढिलं झालं तर कशानं आवळायचं?"

माझी मुलगी तोवर दहा पावलं पुढे जाऊन उभी राहिली होती. ही माणसं माझी नाहीत असा तिचा चेहरा होता. मला तो चेहरा ओळखीचा होता, कारण मी तो तिच्या वयात रोज घालून फिरत असे.

कोस्टरच्या खाली पोहोचल्यावर मी म्हटलं, आता ही रांगेत जाईल आणि मी चहा घेईन. पण दादांनी तिचा हात धरला. "थांब. आधी बघू दे."

त्यांनी चढाखालच्या कठड्यावर दोन बोटं ठेवली आणि मान वर करून उभे राहिले. गाडी सुटली. साखळीने तिला धरलं आणि ती टक, टक, टक आवाज करत वर चढली, शेंड्यावर क्षणभर रेंगाळली, मग किंकाळ्या, गोल, पुन्हा किंकाळ्या. गाडी परत आली. दादा म्हणाले, "अजून एक." दुसरी गाडी गेली. "अजून एक." अकरा गाड्या गेल्या. मी मोजल्या, कारण दुसरं काही करायला नव्हतं आणि चहाच्या स्टॉलवरून ते दिसले नसते. त्यांना एकटं सोडायची माझी हिंमत नव्हती.

अकराव्या गाडीनंतर ते म्हणाले, "वरच्या अंगाला एक ठोका चुकतोय."

"कसला ठोका?"

"ऐक की. टक टक टक टक, आन मग एक टक पडत न्हाई. मग परत टक टक. दर खेपंला, त्याच जागी."

"दादा, मला काही ऐकू येत नाही."

"तुला कधीच न्हाई आलं."

मग ते लोक उतरतात त्या बाजूने थेट गाडी सुटते त्या फलाटावर चढले. तिथे गणवेशातली एक मुलगी लोकांच्या खांद्यांवरचे सुरक्षेचे दांडे लावत होती. तिला त्यांनी ठोक्याचं सांगितलं. मोठ्याने सांगितलं, कारण कारखान्यात सगळं मोठ्यानेच बोलावं लागतं. गाडीत बसलेल्या चोवीस माणसांनी आणि मागच्या सगळ्या रांगेने ते ऐकलं. ती मुलगी हसून म्हणाली, "काका, रोज सकाळी पूर्ण चेकिंग होतं."

"सकाळी कोन करतं चेकिंग? त्याला बोलवा."

रांगेतून कोणीतरी ओरडलं, "ओ आजोबा, चला की पुढं!" मी मधे पडले, माफी मागितली, त्यांचा हात ओढला. ते हलले नाहीत. दादांचं वजन पन्नास किलो असेल. पण हलायचं नाही म्हटलं की ते हलत नाहीत.

शेवटी देखभालीचे मुख्य साहेब आले. चाळिशीचा माणूस, हाताला ग्रीस, बोलायला शांत. त्यांनी दादांचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आजोबा, तुमचा कान पक्का आहे. गाडी मागे येऊ नये म्हणून चढावर दातेरी पट्टी आहे. तिच्यावर खटका पडतो, तो हा आवाज. वरच्या बाजूला त्या पट्टीचा जोड आहे. तिथे दाता नाही, म्हणून एक ठोका पडत नाही. ते तसंच असतं."

कोणताही शहाणा माणूस इथे "बरं" म्हणाला असता. दादा म्हणाले, "डोळ्यांनं बघितल्याबिगर कसं म्हनू?"

साहेब हसले. "मग बसा आणि बघा. कसला आजार नाही ना?"

नाही. दादांना कसलाही आजार नाही. साखर नाही, रक्तदाब नाही, गुडघे दुखत नाहीत. असतं तर त्या दिवशी बरं झालं असतं.

आता त्यांना एकटं बसवणं शक्य नव्हतं. आणि मुलीने स्पष्ट सांगितलं, "मम्मी, मी आबांच्या शेजारी बसणार नाही." ती पुढच्या रांगेत दुसऱ्या एका मुलीशेजारी जाऊन बसली. म्हणून दादांच्या शेजारी मी. खांद्यांवरून लोखंडी दांडा खाली आला आणि छातीशी बसला. दादांनी तो वर-खाली, पुढे-मागे ओढून पाहिला, मग हात लांबवून माझाही ओढून पाहिला. मी डोळे मिटले.

टक, टक, टक. पाठ खाली, पाय वर, तोंड आभाळाकडे. शेजारी दादा पुटपुटत होते, बहुतेक मोजत होते. आणि मग, अर्ध्याहून बराच जास्त चढ चढून झाला असताना, गाडीला एक हिसका बसला आणि ती थांबली.

आवाज बंद. वारा तेवढा लागत होता. मग मागून एका बाईचा आवाज आला, "ते आजोबा सांगत होते! मघापासून सांगत होते ते!" आणि एकदम गलका झाला. "ठोका चुकतोय म्हणाले होते." "साखळी तुटली काय?" "मागं जाईल गाडी!" कोणीतरी रडायला लागलं. दांड्यावर मुठी आपटल्याचा आवाज यायला लागला. गाडीभर माणसांच्या डोक्यात ही भीती माझ्या वडिलांनी घातली होती, आणि आता आम्ही सगळे उताणे हवेत लटकत होतो. मला भीती वाटली, पण त्याहून जास्त संताप आला. मनात म्हटलं, खाली गेलो तर मी यांच्याशी वर्षभर बोलणार नाही.

तेवढ्यात दादा बोलले. गव्हाणीवर बोलत असतील तसेच, सगळ्यांना ऐकू जाईल असे.

"गप बसा! कोनी दांडा हलवू नका. साखळी तुटलेली न्हाई. तुटली असती तर मोठा आवाज आला असता, सगळ्यांनी ऐकला असता. गाडीखाली खटका हाय, तो दात्यात बसलाय. गाडी बोटभर सुदिक मागं जायची न्हाई. कोनीतरी खालून बंद केलीय. चालू करतील न्हाईतर उतरवतील. तवर गप बसा."

मागची बाई म्हणाली, "नक्की का हो आजोबा?"

"पस्तीस वर्षं ह्येच केलंय. नक्की."

हळूहळू गलका कमी झाला. रडणारीचं रडणं हुंदक्यांवर आलं. पुढून माझी मुलगी ओरडली, "आबा, मग आता किती वेळ?" तिच्या आवाजात पहिल्यांदाच लाज नव्हती. दादा म्हणाले, "बस निवांत. लई लांबवरचं दिसतंय हितनं. आमच्या कारखान्याची चिमनी बघ." मग मला म्हणाले, "तू पन बघ की."

मी बघितलं नाही.

भोंग्यावर सूचना आली की सगळे सुरक्षित आहेत आणि सर्वांना जिन्याने खाली उतरवण्यात येईल. चढाच्या बाजूला जाळीचा एक अरुंद जिना होता. साहेब आणि त्यांची दोन माणसं वर आली आणि एकेक दांडा उघडून एकेकाला बाहेर काढू लागली. मुलगी आमच्याआधी उतरली. ती हसत होती, मैत्रिणींना काय सांगायचं ते तिच्या डोक्यात तयार होत असणार.

माझा दांडा उघडला आणि मी जिन्यावर पाय ठेवला. पायाखाली जाळी, जाळीतून सरळ जमीन. दोन्ही हातांनी कठडा धरून मी उभी राहिले. साहेब म्हणाले, "ताई, सावकाश," पण मला सावकाशही जमत नव्हतं.

दादा माझ्या खालच्या पायरीवर आले आणि माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. त्यांची टोपी खाली लॉकरात होती. "खाली बघू नको. माझ्याकडं बघ. मी म्हनल तवा एक पाय," ते म्हणाले आणि उलटे, पाठीने, एकेक पायरी उतरू लागले. "उजवा. आता डावा. कठडा घट्ट हाय, म्या बघितलाय. उजवा." त्यांचा आवाज इतका साधा होता की माझे पाय हलायला लागले. मी त्यांच्या कपाळाकडे बघत होते. तिथे घाम नव्हता. अशा दहा-बारा पायऱ्या झाल्या. मला वाटायला लागलं की जमतंय.

आणि मग ते थांबले.

"थांब जरा," म्हणाले, आणि कठड्यावरून वाकून साखळीकडे बघायला लागले. दातेरी पट्टीचा तो जोड तिथेच होता. त्यांनी हात लांबवला. माझ्या मागे सात-आठ माणसं जिन्यावर अडकली होती. जाळी थरथरत होती. दादा बोटाने पट्टीचा जोड चाचपत होते.

"दादा!" मी ओरडले. मी त्यांच्यावर कधी ओरडले नव्हते. बहीण ओरडायची, आई ओरडायची, मी गप्प बसायचे. "आयुष्यात एकदा तरी नुसतं खाली उतरा! एकदा तरी! आम्हाला कधीच कशात बसू दिलं नाही तुम्ही. कधीच नाही!"

सगळा जिना ऐकत होता. दादांनी हात मागे घेतला. माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं. "डावा," ते म्हणाले. आम्ही खालपर्यंत उतरलो. डावा-उजवा सोडून ते एक शब्द बोलले नाहीत.

खाली पाण्याच्या बाटल्या वाटत होते, नाव आणि फोन नंबर लिहून घेत होते. साहेबांनी सगळ्यांना समोर उभं करून सांगितलं की मशीनमध्ये काहीच बिघाड नव्हता. सगळ्यात पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थाने खिशातून मोबाईल काढून शूटिंग चालू केलं होतं. मोबाईल हातातून सुटला तर मागच्या माणसाच्या तोंडावर बसतो, म्हणून सीसीटीव्हीत ते बघून फलाटावरच्या मुलीने गाडी थांबवली होती. नियमच तसा आहे, आणि चढावर थांबवलेली गाडी माणसं उतरवल्याशिवाय पुन्हा सुरू करत नाहीत. ते गृहस्थ तिथेच उभे होते आणि फोनवर कोणालातरी घडलेला प्रसंग रंगवून सांगत होते.

दादा साहेबांकडे गेले. मला वाटलं, आता हे मोबाईलच्या नियमाबद्दल काहीतरी शिकवणार. मी डोळे मिटून घेतले.

"जोड बघितला म्या," दादा म्हणाले. "तुमी म्हनले तसंच हाय. माझी चूक झाली. उगंच लोकं घाबरली."

माझ्या बेचाळीस वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. साहेब म्हणाले, "वरती तुम्ही लोकांना शांत ठेवलंत, फार उपकार झाले आजोबा."

अर्ध्या तासाने गाडी पुन्हा सुरू झाली. अडकलेल्या सगळ्यांना आधी बसायला मिळणार होतं. मुलगी माझा दंड धरून उभी. "मम्मी, चल ना. अर्धंच झालं." मी दादांकडे बघितलं. ते म्हणाले, "तुमी दोघी जावा." कशालाही हात न लावता, काहीही न हलवता ते बाजूला झाले.

मी का गेले ते मला आजही नीट सांगता येत नाही. थोडा राग होता. थोडं असंही होतं की ओरडून झाल्यावर आता बसले नाही तर त्या ओरडण्याला काही अर्थ राहिला नसता. मुलीने माझा हात धरला. टक, टक, टक. एक ठोका पडला नाही. या वेळी मला तो ऐकू आला. मग शेंडा, आणि मग गाडी खाली कोसळली. मी ओरडले, मुलगीही ओरडली. गोलात शिरताना अंग सीटमध्ये दाबलं गेलं आणि मी डोळे उघडले. जग उलटं होतं. वर ऊस होता, वर माणसं होती आणि त्यांत कठड्याजवळ पांढऱ्या कपड्यांत दादा होते.

दादा आमच्याकडे बघत नव्हते. त्यांची कोस्टरकडे पाठ होती. दोन्ही हात कठड्यावर घट्ट धरून ते पलीकडच्या पार्किंगकडे तोंड करून उभे होते.

उतरल्यावर मी त्यांच्यापाशी गेले. माझे केस सगळे विस्कटले होते आणि मला हसू आवरत नव्हतं. "दादा, तुम्ही बघितलं नाही?"

"ऊन डोळ्यांवर येत हुतं."

ऊन त्यांच्या पाठीमागून, कोस्टरच्या बाजूने येत होतं हे खरं. पण अकरा गाड्या त्यांनी त्याच उन्हात पाहिल्या होत्या. त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "दांडा ढिला तर न्हाई वाटला?" ती म्हणाली, "आबा!" आणि त्यांच्या गळ्यात पडली.

जिन्यावरचं माझं ओरडणं त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही. मीही नाही. परतीच्या रस्त्यावर खड्डे तेवढेच होते आणि शॉकअपही तोच होता, पण ते गप्प बसले. त्यांचं हे गप्प बसणं मला बोलण्यापेक्षा जास्त छळत राहिलं. येवला नाक्याच्या अलीकडे मीच म्हटलं, "डावीकडून आवाज येतोय का हो?" तेव्हा कुठे ते सुरू झाले, ते घर येईपर्यंत.

मागच्या महिन्यात मला त्या देखभालीच्या साहेबांचा फोन आला. नंबर त्यांच्या कागदावर होताच. "ताई, एक विनंती होती. आजोबा दर मंगळवारी येतात. त्या दिवशी पार्क बंद असतो, आमचं ग्रीसिंग चालतं. आधी तारेच्या कुंपणाबाहेर उन्हात उभे राहायचे, मग आम्हीच आत घेतलं. माणूस कामाचा आहे, आमची पोरं त्यांच्याकडून शिकतात. पण हेल्मेट घालायला ऐकत नाहीत. टोपीवर बसत नाही म्हणतात. तुम्ही जरा समजावून सांगता का?"

मी म्हटलं, "साहेब, मी जन्मापासून समजावतेय."

तरी लगेच दादांना फोन लावला. आईने उचलला. मागे कुकरच्या शिट्ट्या होत्या आणि तिचा आवाज फार दिवसांनी निवांत होता.

"ते न्हाईत घरी," ती म्हणाली. "आज मंगळवार हाय न्हवं?"